गॉथिक ही आज लुप्त झालेली जर्मानिक भाषा. तिच्या एका कल्पित भगिनीभाषेपासून आजची जर्मानिक भाषा रचायची आहे. सुरुवात वुल्फिला या बिशपने केलेल्या बायबलच्या भाषांतरातल्या गॉथिकपासून करू का?

नाही, मूळ जर्मानिकपासून (सगळ्या जर्मानिक भाषांची पूर्वज) करा. कारण चौथ्या शतकातल्या त्या गॉथिकमध्ये तिचे स्वतःचे बदल आधीच झालेले आहेत (बहुतेक ठिकाणी ऱ्हस्व ए चा इ झाला, तो असा), आणि ते बहिणीला वारशाने मिळत नाहीत. पूर्व जर्मानिक (गॉथिकची शाखा) ओळख मात्र टिकवा:

- दीर्घ ए चा आ करू नका: 'झोपणे' जर्मनमध्ये श्लाफेन, गॉथिकमध्ये स्लेपन.
- शब्दाच्या मधल्या झ् चा र् नको: गॉथिक माइझा, पण इंग्रजी मोर (more).
- पुढच्या इ मुळे आधीचा स्वर बदलू देऊ नका. इंग्रजीतल्या फुट–फीटसारख्या जोड्या इथे शोभत नाहीत. नवशिक्यांची भाषा जर्मनसारखी वाटते ती बहुधा इथेच.

खरी अडचण शब्दांच्या शेवटी येते. आघात नसलेले स्वर गळले की गॉथिकमधली डग्स (दिवस), डगिस (दिवसाचा), डगोस (अनेक दिवस) ही तिन्ही रूपे 'डग्स'च होतात. म्हणून स्वर गाळण्याआधीच अनेकवचनाचा दुसरा प्रत्यय आणि षष्ठीसाठी संबंधदर्शक शब्द ठरवा. मागाहून जोडलेली ठिगळे लगेच दिसतात.

नमुन्यासाठी बुस्बेक या राजदूताने १६व्या शतकात टिपलेले क्रिमियन गॉथिक (क्रिमियात टिकून राहिलेली गॉथिक बोली) शब्द पाहा. त्यांत दीर्घ ए चा ई आणि दीर्घ ओ चा ऊ झालेला दिसतो: गॉथिक मेना (चंद्र), तिथे मिने. पण बुस्बेक फ्लेमिश होता, म्हणजे त्याची स्वतःची भाषाही जर्मानिकच, त्यामुळे त्याच्या एकेका स्पेलिंगवर नियम उभारू नका.