‘गॅस बंद केला होता ना?’ : वाचकांचे प्रश्न, मानसशास्त्राची उत्तरे

या खेपेस आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे विसरण्याविषयीची आहेत. विसरणे या एका शब्दाखाली आपण पुष्कळ वेगवेगळ्या गोष्टी ढकलून देतो आणि मग सगळ्यांचे खापर ‘वया’वर फोडतो. खाली निवडलेल्या चार पत्रांना उत्तरे देताना त्या गोष्टी एकमेकींपासून सोडवून दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. सकाळी सव्वासातची एस.टी. गाठायची असते. घरातून निघून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले, की गॅस बंद केला का, कुलूप नीट लागले का, अशी शंका येते. गेल्या महिन्यात दोनदा स्टँडवरून रिक्षा करून परत आले. दोन्ही वेळा गॅस बंद होता आणि कुलूपही जागच्या जागी होते. हल्ली निघताना कुलूप चार-पाच वेळा ओढून पाहते, तरी शंका जात नाही, उलट वाढली आहे. माझी स्मरणशक्ती कमी होते आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तुमची स्मरणशक्ती कमी झाल्याचे या पत्रातून तरी दिसत नाही. ‘उलट वाढली आहे’ हे तुमचे तीन शब्द मात्र फार महत्त्वाचे आहेत, आणि त्यांच्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी ही शंका येतेच का, ते पाहू. एखादी कृती वर्षानुवर्षे त्याच क्रमाने केली, की ती पार पाडण्याची जबाबदारी मेंदू हळूहळू ‘बेसल गँग्लिया’ नावाच्या खोलवरच्या भागाकडे सोपवतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेने इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या वाटेवर उंदरांना वळण घ्यायला शिकवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूतील या भागाच्या पेशींचे संदेश टिपले. उंदीर नवखे असताना त्या पेशी सबंध वाटभर काम करत होत्या. वाट अंगवळणी पडल्यावर त्या मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटाला जाग्या होऊ लागल्या, आणि मधला भाग जणू एका गाठोड्यात बांधला गेला. तुमचा डबा भरणे, दुधावर झाकण ठेवणे, शेगडीचे बटण फिरवणे, ओढणी सावरत कुलूप लावणे हे असेच एक गाठोडे आहे. ते उलगडत असताना तुमचे लक्ष शाळेच्या मस्टरवर किंवा तपासायच्या वह्यांवर असते. ज्याकडे लक्ष नव्हते त्याची स्वतंत्र, तारीखवार नोंद मेंदू ठेवत नाही. आणि जी पुसट नोंद राहते ती कालच्या, परवाच्या आणि गेल्या वर्षीच्या नोंदींसारखीच असल्याने त्यांच्यात मिसळून जाते. त्यामुळे कोपऱ्यावर उभे राहून तुम्ही आठवू पाहता तेव्हा कुलूप लावणे आठवते, पण ‘आजचे’ कुलूप लावणे काही केल्या सापडत नाही. जे लिहिलेच गेले नाही ते विसरले, असे म्हणता येणार नाही.

आता त्या तीन शब्दांविषयी. २००३ साली नेदरलँड्समधील मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट या संशोधकांनी नेमका तुमचाच प्रश्न प्रयोगाला घेतला, तोही गॅसच्या शेगडीचाच. संगणकाच्या पडद्यावर एक शेगडी दाखवून त्यांनी निरोगी विद्यार्थ्यांना तिचे बर्नर लावायला, बंद करायला आणि बंद झाले आहेत ना हे तपासायला सांगितले. एका गटाने हे काम वीस वेळा केले. दुसऱ्या गटाने मधल्या वेळात शेगडीऐवजी दिवे तपासले. शेवटी दोन्ही गटांना विचारले, की अगदी अखेरच्या खेपेस तुम्ही कोणते बर्नर तपासलेत? उत्तरांच्या अचूकपणात दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. परंतु ज्यांनी शेगडी पुन्हा पुन्हा तपासली होती त्यांना ती आठवण धूसर वाटत होती, तिच्यातले बारकावे हरवले होते आणि स्वतःच्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. सारांश, तपासण्याने स्मृती बिघडली नाही, स्मृतीवरचा भरवसा उडाला. पाचव्यांदा कुलूप ओढताना तुम्ही सहाव्या शंकेची तयारी करत असता.

म्हणून तपासणी एकदाच करावी, पण ती हाताने नव्हे तर लक्ष देऊन करावी. जपानच्या रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे किंवा दाराकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. तेथील रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९० च्या दशकातील चाचणीत या पद्धतीने शंभर कृतींमागील चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या. आपल्याकडेही लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, ते याच कारणाने. शेगडीसमोर क्षणभर थांबा, बटणाकडे बोट करा आणि ‘आज बुधवार, गॅस बंद’ असे स्पष्ट म्हणा. वार उच्चारल्याने आजची नोंद कालच्या नोंदीपासून वेगळी होते. शेजारच्या काकू विचित्र नजरेने पाहतील, तर पाहू द्यात. बंद शेगडीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. ती मला फारशी पसंत नाही, कारण कुलूप ओढण्याची जागा फोटो उघडून पाहण्याने घेतली, एवढाच त्यात बदल होतो. कोपऱ्यावर शंका आली तरी परत फिरू नका. पहिले काही दिवस अस्वस्थता वाटेल. ती मागे न वळताही आपोआप ओसरते, हे मेंदूला अनुभवानेच कळावे लागते.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. तपासण्यात दिवसाकाठी तासाभराहून अधिक वेळ जाऊ लागला, त्यापायी नोकरी किंवा झोप बिघडू लागली, किंवा ‘अमुक वेळा ओढले नाही तर काहीतरी वाईट घडेल’ असे वाटू लागले, तर त्याला नुसती सवय म्हणून सोडून देऊ नये. मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात त्या (इंग्रजीत ‘ओसीडी’) आजाराची ती खूण असू शकते, आणि त्यावर वर्तनोपचार व औषधे असे दोन्ही परिणामकारक उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांकडे जाणे लगेच शक्य नसल्यास ‘टेली-मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

प्रश्न : एका लग्नात जुने शेजारी भेटले. त्यांचे घर, ओसरीवरचा झोपाळा, त्यांची मारकी म्हैस, सगळे आठवले; आडनाव काही आठवेना. अगदी ओठांवर होते. पंगत उठली तरी मी आठवतच बसलो. माझे वय ५८ आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : म्हैस आठवणे आणि आडनाव न आठवणे यात विसंगती नाही. म्हशीला शिंगे होती, ती मारत असे, तिला पाहून तुम्ही पळाला असाल; तिच्याकडे पोहोचण्याच्या वाटा अनेक आहेत. आडनावाला असे धागे नसतात. १९८७ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचे आडनाव आणि व्यवसाय सांगितला. त्यात काही शब्द दोन्ही कामांना चालणारे होते. आपल्या भाषेत सांगायचे तर एका चेहऱ्याबद्दल ‘हा सुतार आहे’ असे सांगितले आणि दुसऱ्याबद्दल ‘हे श्री. सुतार’ असे सांगितले. शब्द तोच असूनही व्यवसाय म्हणून तो चांगला आठवला आणि आडनाव म्हणून आठवणे अवघड गेले. व्यवसाय ऐकताच रंधा, भुसा, लाकडाचा वास असे कितीतरी मनात येते. आडनाव ऐकून मात्र त्या माणसाविषयी काहीच कळत नाही.

‘ओठांवर असणे’ ही अवस्थाही खरीच असते. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ साली हार्वर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना विरळ शब्दांच्या नुसत्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द विचारले. ज्यांना तो ओठांवर असल्यासारखे वाटत होते त्यांना शब्द सांगता आला नाही, तरी त्याचे पहिले अक्षर आणि त्यातील उच्चारखंडांची (सिलेबल्सची) संख्या ते निव्वळ अंदाजापेक्षा कितीतरी अधिक वेळा बरोबर सांगू शकले. म्हणजे अर्थ मिळालेला असतो, पण अर्थाकडून ध्वनीकडे जाणारा दुवा अशक्त पडलेला असतो. हा दुवा वयानुसार सर्वांचाच थोडाफार शिथिल होतो, म्हणून ५८ व्या वर्षी असे अधूनमधून घडणे स्वाभाविक आहे. शेजाऱ्यांचे नाव आठवले नाही याने काळजी करू नका. ते शेजारी होते हेच आठवले नसते, तर मी वेगळे उत्तर दिले असते.

पंगत उठेपर्यंत आठवत बसलात, ते मात्र नडणारे आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांना २००८ साली असे आढळले, की अशा वेळी जितका जास्त वेळ झटापट करावी तितका तोच शब्द दोन दिवसांनी पुन्हा अडण्याचा संभव वाढतो, कारण त्या काळात मेंदू चुकीच्या वाटेचाच सराव करत राहतो. सरळ कुणाला तरी नाव विचारावे आणि ते एकदा मोठ्याने उच्चारावे. ‘तुमचं आडनाव पटकन आठवेना’ असे त्यांनाच हसून सांगितले असतेत, तरी बिघडले नसते.

प्रश्न : स्वयंपाकघरात गेल्यावर आपण कशासाठी आलो, हेच विसरते. असे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाचे गॅब्रिएल रॅडव्हॅन्स्की यांनी २०११ मध्ये असे दाखवले होते, की तेवढेच अंतर एकाच खोलीत चालण्यापेक्षा दार ओलांडून चालल्यास हातातल्या वस्तूचा विसर अधिक पडतो, मेंदू दाराशी एक प्रसंग मिटवून दुसरा उघडतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ते इतके लोकप्रिय झाले, की दाराला आरोपी ठरवून सगळे मोकळे झाले. पुढे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात तसे प्रयोग झाले, तेव्हा नुसत्या दाराचा परिणाम जवळपास दिसलाच नाही. डोक्यात दुसरे एखादे काम चालू असताना तेवढा तो दिसला. म्हणजे दारापेक्षा तुमच्या कानाला लावलेल्या फोनवर अधिक संशय घ्यावा. पुन्हा मूळ खोलीत गेल्याने आठवेलच, असेही नाही; रॅडव्हॅन्स्की यांच्याच प्रयोगात त्याचा फायदा दिसला नव्हता.

प्रश्न : आई ७९ वर्षांची आहे. तासाभरापूर्वी जेवलेले तिला आठवत नाही, एकच प्रश्न दहा वेळा विचारते. पण गणपतीत उकडीचे मोदक करायला बसली, तेव्हा एकवीसच्या एकवीस मोदकांना अशा नाजूक कळ्या पाडल्या, की आम्ही बघत राहिलो. ती मुद्दाम विसरल्यासारखे करते, असे भावाचे म्हणणे आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : भावाला हेन्री मोलेसन यांची हकीकत सांगा. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली अमेरिकेत वयाच्या २७ व्या वर्षी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग आणि त्याच्या लगतचा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत नवे प्रसंग त्यांच्या आठवणीत जवळजवळ टिकलेच नाहीत. रोज भेटणारी माणसेही त्यांना नवीच वाटत. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशातील प्रतिबिंबाकडे पाहत चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे करून पाहिलेल्यांना ठाऊक असेल, की हात हटकून उलट्या दिशेला जातो. तीन दिवसांत मोलेसन यांचा हात सफाईने चालू लागला, आणि तरीही प्रत्येक वेळी हे काम आपण पहिल्यांदाच करत आहोत अशी त्यांची समजूत होती. प्रसंग लक्षात ठेवणारी यंत्रणा आणि हाताचे कसब सांभाळणारी यंत्रणा वेगळ्या आहेत, याचा इतका स्पष्ट पुरावा तोवर मिळाला नव्हता.

अल्झायमरसारख्या आजारात हिप्पोकॅम्पसला आणि त्याच्या आसपासच्या भागाला लवकर इजा पोहोचते, तर कसब सांभाळणारे भाग पुष्कळ काळ तग धरतात. तुमच्या आईला हाच आजार आहे असे मी पत्रावरून म्हणणार नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदगती, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही असे होऊ शकते, आणि ही कारणे बरी करता येण्याजोगी आहेत. म्हणून तिला लवकर डॉक्टरांना दाखवा. जाताना ती घेत असलेली सगळी औषधे पिशवीत घालून न्या.

तोवर घरात एवढे करता येईल : दहाव्यांदा प्रश्न आला, तर तो पहिल्यांदाच आल्यासारखे उत्तर द्या, कारण तिच्या दृष्टीने तो पहिलाच असतो. शेगडी तिच्या एकटीच्या भरवशावर ठेवू नका. सारणात गूळ तुम्ही मोजून घाला, कारण गूळ घातला की नाही ही पाच मिनिटांपूर्वीची गोष्ट आहे, आणि ती तिच्यापाशी राहणार नाही. उकड मात्र तिच्यापुढे ठेवा, हाताला तेल-पाण्याची वाटी द्या आणि पारी तिलाच करू द्या.