मुलगा गिटारवादक होणार म्हणतो: रेडिंगच्या एका आईला उत्तर

प्रश्न: आम्ही गेली 16 वर्षे इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगा 18 वर्षांचा आहे. त्याच्या ए लेव्हलच्या (आपल्या बारावीसारख्या) परीक्षा नुकत्याच झाल्या असून गणिताच्या पदवीसाठी एका चांगल्या विद्यापीठात त्याला अटींसह जागा मिळाली आहे. तो चार वर्षांपासून मित्रांच्या इंडी रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो आणि आता एक वर्ष फक्त बँडसाठी द्यायचे म्हणतो. घरात विषय निघाला की तो बर्नार्ड बटलर नावाच्या गिटारवादकाचे उदाहरण देतो: ‘त्याने 24व्या वर्षी एवढा मोठा बँड सोडला, तरी त्याचे काय बिघडले?’ माझ्या यजमानांच्या मते हे हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणे आहे. मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच झोप लागत नाही. या क्षेत्राला करिअर म्हणता येते का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार, ताई.

तुमच्या सविस्तर पत्रातला लीड्सच्या कार्यक्रमाचा हिशेब माझ्या मनातून जात नाही. चौघांना मिळून 80 पौंड मिळाले, त्यांतले 74 पेट्रोल आणि पार्किंगमध्ये गेले, उरलेल्या 6 पौंडांच्या चिप्स चौघांनी वाटून खाल्ल्या, आणि पहाटे अडीच वाजता मुलगा ॲम्प्लिफायर एकेक पायरी टेकवत जिन्यावरून वर आणत असताना तुम्हाला जाग आली. तुम्ही हे काळजीने लिहिले आहे आणि ती काळजी रास्त आहे. पण चिरंजीवांनी हा हिशेब तुमच्यापासून लपवला नाही, याची मी आवर्जून नोंद घेतली. जो मुलगा तोट्याचा आकडा आईला खरा सांगतो, त्याच्याशी पुढच्या आकड्यांविषयीही मोकळेपणाने बोलता येते.

आता बटलर यांच्याविषयी. चिरंजीवांनी निवडलेले उदाहरण उत्तम आहे, परंतु त्यांनी ते अर्धेच सांगितले आहे. उरलेले अर्धे तुम्हा तिघांनाही ठाऊक असावे असे मला वाटते, कारण ‘काय बिघडले’ या प्रश्नाला खरे उत्तर आहे: काही वर्षे पुष्कळ बिघडले.

बर्नार्ड बटलर यांचा जन्म 1970 सालचा. 1989 च्या शरद ऋतूत ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकात गिटारवादक हवा असल्याची एक छोटी जाहिरात आली. ब्रेट अँडरसन आणि मॅट ऑस्मन या दोघांनी ती दिली होती. बटलर यांनी तिला प्रतिसाद दिला आणि स्वेड हा बँड उभा राहिला. तेव्हा ते 19 वर्षांचे होते, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा जेमतेम एका वर्षाने मोठे. ‘मेलडी मेकर’ या दुसऱ्या संगीत साप्ताहिकाने मुखपृष्ठावर ब्रिटनमधला सर्वोत्तम नवा बँड म्हणून त्यांना स्थान दिले ते एप्रिल 1992 मध्ये. जाहिरात ते मुखपृष्ठ या अडीच वर्षांत तालमी, मोजके श्रोते आणि ड्रमवादकाचा शोध एवढेच होते. तुमचा मुलगा मागत असलेले एक वर्ष या अडीच वर्षांशेजारी ठेवून पाहावे, म्हणजे त्या एका वर्षाकडून कोणती अपेक्षा ठेवायची आणि कोणती ठेवायची नाही, ते आपोआप कळते.

मार्च 1993 मध्ये स्वेडचा पहिला अल्बम आला, तो ब्रिटनच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याच वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. या अल्बमवरची गाणी अँडरसन आणि बटलर या दोघांच्या नावे आहेत. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे. यश असे दारात उभे असतानाच बटलर यांच्या वडिलांचे निधन झाले, अमेरिकेच्या दौऱ्यात बँडमधले संबंध ताणले गेले, आणि दुसऱ्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मतभेद विकोपाला गेले. प्रोड्यूसर, म्हणजे ध्वनिमुद्रणाची सूत्रे सांभाळणारा माणूस, बदलावा असा बटलर यांचा आग्रह होता, तो मान्य झाला नाही, आणि जुलै 1994 मध्ये, अल्बम पुरता पूर्णही झालेला नसताना, ते बाहेर पडले. वय 24.

तुमचा मुलगा ज्याला धाडस म्हणतो ती ही घटना. मला तिच्यात धाडसापेक्षा दुःख आणि थकवा अधिक दिसतो. वडील गेलेला चोवीस वर्षांचा तरुण, सततचे प्रवास, आणि ज्यांच्याशी मनातले बोलावे त्यांच्याशीच अबोला. अशा स्थितीत घेतलेल्या निर्णयाला आदर्श मानू नये, आणि त्याबद्दल कोणाला दोषही देऊ नये.

पुढे जे घडले ते मात्र चिरंजीवांना अवश्य सांगावे. बटलर यांच्या जागी स्वेडने रिचर्ड ओक्स या 17 वर्षांच्या मुलाला घेतले. त्याने बँडच्या चाहत्यांच्या क्लबकडे स्वतःच्या वादनाची कॅसेट पाठवली होती. दोन वर्षांनी, 1996 मध्ये, याच मुलाच्या साथीने स्वेडचा तिसरा अल्बम पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. कोणाच्याही जाण्याने बँड अडत नाही, हे कठोर वाटले तरी सत्य आहे. आणि ओक्स आजही त्याच बँडमध्ये आहेत. एकाच खुर्चीवर बसलेले हे दोन गिटारवादक, एक पाच वर्षांत उठून गेला आणि दुसरा तीन दशके टिकला. या व्यवसायातले स्थैर्य म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर दोघांकडेही पाहायला हवे.

बटलर यांनी 1995 मध्ये गायक डेव्हिड मॅकआल्मंट यांच्याबरोबर केलेले पहिलेच गाणे आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, आणि त्याच वर्षी ती जोडी मोडली. त्या सुमारास व्हर्व या बँडमध्ये ते अगदी थोडे दिवस होते, तेही जमले नाही. 1998 मध्ये क्रिएशन या कंपनीने त्यांचा पहिला एकल अल्बम काढला आणि त्याला बरा प्रतिसाद मिळाला. 1999 चा दुसरा अल्बम फारसा चालला नाही आणि त्याच सुमारास क्रिएशन कंपनीचाच कारभार आवरता घेतला गेला. पाच वर्षांत इतक्या वेळा नव्याने मांडामांड झाली. वादनात कुठेही उणीव नव्हती; ती चेरी रंगाची जुनी गिब्सन ईएस-355 गिटार, तिच्या घोडीपाशी बसवलेला बिग्ज्बीचा दांडा तळहाताखाली हलकेच दाबून कंपित केलेला सूर, हे सारे पूर्वीइतकेच चोख होते. तरीही तिशीला टेकलेल्या या माणसापाशी तेव्हा बँड नव्हता, संगीतातला जोडीदार नव्हता आणि रेकॉर्ड कंपनीही नव्हती. तुमच्या यजमानांना जी भीती वाटते ती हीच आहे, आणि ती कल्पनेतली नाही.

मग हा माणूस टिकला कशाच्या बळावर? माझ्या मते तीन गोष्टींच्या.

पहिली म्हणजे तो केवळ वाजवत नव्हता, रचत होता. बँड सोडला तरी गाण्यावरचे नाव सुटत नाही. ब्रिटनमध्ये गाण्याचा स्वामित्वहक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षे राहतो. उलट दुसऱ्याने रचलेल्या गाण्यात एखाद्याने अप्रतिम गिटार वाजवली असेल, तर त्या रचनेच्या मानधनात त्याचा वाटा नसतो. दुसरी गोष्ट, त्याने स्टुडिओचे काम हाती घेतले. गाण्याचा आराखडा, व्हायोलिन आणि पियानोची मांडणी, गायकाकडून नेमके हवे ते काढून घेणे, हे सगळे त्याला येत होते. 2002 मध्ये लिबर्टीन्स या नव्या बँडचे पहिले सिंगल (सुटे प्रसिद्ध केलेले गाणे) त्यानेच प्रोड्यूस केले. पुढे वेल्समधून आलेल्या डफी या तरुण गायिकेबरोबर त्याने दीर्घकाळ काम केले. तिच्या अल्बममधले सर्वांत गाजलेले गाणे दुसऱ्या प्रोड्यूसरचे होते हे खरे, पण शीर्षकगीतासह अनेक गाणी बटलर यांनी तिच्यासोबत रचली आणि घडवली. 2008 मध्ये ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम तोच ठरला, त्याला ग्रॅमी मिळाले, आणि 2009 मध्ये ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांत सर्वोत्तम प्रोड्यूसर म्हणून बटलर यांचा सन्मान झाला. बँड सोडून तोवर जवळपास 15 वर्षे उलटली होती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. हा माणूस मोडलेल्या नात्यांकडे परत गेला. मॅकआल्मंट यांच्याबरोबर त्यांनी 2002 मध्ये पुन्हा अल्बम केला. ज्या अँडरसन यांच्याशी इतका अबोला होता, त्यांच्यासोबत 2004 मध्ये टिअर्स नावाचा बँड काढला, 2005 मध्ये अल्बमही आणला. तो प्रयोग टिकला नाही, पण त्यांनी तो केला. संगीताचा धंदा बाहेरून प्रसिद्धीवर चालतो असे दिसते. आतून तो फोनवर चालतो. ‘याच्याबरोबर काम करावे’ असे कोणाला वाटते का, यावर पुढचे काम अवलंबून असते. 2022 मध्ये अभिनेत्री जेसी बकली यांच्याबरोबरचा त्यांचा अल्बम मर्क्युरीच्या अंतिम यादीत आला, पहिल्या मर्क्युरीनंतर 29 वर्षांनी; आणि 2024 मध्ये, 54व्या वर्षी, त्यांनी 25 वर्षांच्या खंडानंतर आपला एकल अल्बम प्रसिद्ध केला.

हे सारे वाचून चिरंजीव आनंदतील, म्हणून लगेच दुसरी बाजूही मांडतो. ब्रिटनमधल्या म्युझिशियन्स युनियन आणि हेल्प म्युझिशियन्स या संस्थांनी 2023 मध्ये सुमारे 6,000 संगीतकारांची पाहणी केली. संगीतातून मिळणारे सरासरी वार्षिक उत्पन्न 20,700 पौंड निघाले, 43 टक्के जणांचे उत्पन्न 14,000 पौंडांच्याही खाली होते, आणि निम्म्याहून अधिक जण संगीताबाहेरच्या उत्पन्नाची जोड घेऊन टिकून होते. बटलर यांचा चढउतार हा त्या क्षेत्रातल्या अतिशय यशस्वी माणसाचा चढउतार आहे. त्यांच्या पडत्या काळातही त्यांच्या नावावर एक नामांकित अल्बम होता. तुमच्या मुलाच्या पडत्या काळात तो नसेल.

तेव्हा माझा सल्ला असा. वर्ष द्यावे, पण जागा सोडून नव्हे. स्वीकारलेला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती विद्यापीठाला करता येते. ती मान्य करायची की नाही हे विद्यापीठ ठरवते, म्हणून ऑगस्टच्या निकालाची वाट न पाहता आत्ताच चौकशी करावी. विनंती नाकारली गेली, तर माझे मत पदवीच्या बाजूने आहे, कारण ब्रिटनमध्ये बँड विद्यापीठात राहूनही चालतात, आणि गणिताची जागा पुन्हा याच अटींवर मिळेलच याची हमी नाही.

वर्ष मिळाले तर ते मोकळे नसावे. चौघांनी मिळून एका कागदावर लिहावे की कोणते गाणे कोणी रचले आणि कोणाचा किती टक्के वाटा, खाली तारीख आणि चार सह्या. मैत्री आहे तोवर हा कागद पाच मिनिटांत होतो. ती बिघडली की वकिलांकडेही होत नाही. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याने तीन वर्षे ज्या बँडसाठी चाली रचल्या, त्यातून तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या नावावर एकही गाणे नव्हते, आणि ते सांगताना त्याचा आवाज कसा झाला होता हे मी विसरलेलो नाही. रचनाकार म्हणून पीआरएस फॉर म्युझिक या संस्थेत आणि वादक म्हणून पीपीएलमध्ये नोंदणी करावी; गाणी वाजवली गेली की त्यांचे मानधन या संस्था गोळा करून देतात. छोट्या पबमध्ये वाजवलेल्या स्वतःच्या गाण्यांची यादीसुद्धा पीआरएसला कळवता येते आणि त्याचे मानधन मिळू शकते. लीड्सच्या 80 पौंडांत थोडी भर पडली असती. कोणीही करारनामा पुढे केला, तर सही करण्यापूर्वी म्युझिशियन्स युनियनचे सदस्यत्व घेऊन तो तिथे तपासून घ्यावा.

याखेरीज आठवड्यातले दोन दिवस त्याने ध्वनिमुद्रण शिकण्यात घालवावेत: एखाद्या स्टुडिओत मदतनीस म्हणून केबल गुंडाळण्यापासून सुरुवात झाली तरी चालेल. गणिताची गोडी असलेल्या मुलाला ध्वनीची तरंगलांबी, फिल्टर, कंप्रेशन हे विषय परके वाटणार नाहीत. वर्षाच्या अखेरीस बँड उरला नाही तरी हे त्याच्यापाशी राहील. आणि दोन दिवस पगाराचे काम, जेणेकरून ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीचे पैसे बाबांकडे मागावे लागणार नाहीत.

यजमानांना माझा नमस्कार कळवावा. त्यांचा विरोध वर्षाला आहे की बेहिशेबी वर्षाला, हे त्यांना एकदा शांतपणे विचारावे. पत्रावरून मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. ते अजून एकाही कार्यक्रमाला गेलेले नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. पुढचा कार्यक्रम रेडिंगमध्येच आहे ना? त्यांनी यावे, मागे उभे राहून ऐकावे. परतताना ॲम्प्लिफायर दोघांनी मिळून जिन्यावरून वर आणावा. आणि तो वाट्याचा कागद तयार झाला की त्याची एक प्रत मला पाठवावी, मी पाहून देईन.