आधी पुस्तक की आधी मालिका? ॲनच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न असा: मुलगी दहा वर्षांची, 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' निम्मं वाचून झालंय, आता तिला त्याच्यावरची मालिका बघायची आहे. आत्ताच दाखवावी की पुस्तक संपू द्यावं, आणि कोणती दाखवावी?

पुस्तक संपू द्या. "कोणती" याचं उत्तर मात्र लांबेल, कारण या एका कादंबरीवर टीव्हीवाल्यांनी इतक्यांदा हात मारलाय की नुसतं "ॲनची मालिका" म्हणून भागत नाही.

अशा मालिका मी आवडीने बघते, आणि "पुस्तकाशी प्रामाणिक आहे का" हे बघणं मी कधीच सोडून दिलंय. सगळे प्रसंग जसेच्या तसे उचलूनही मालिका मेल्यासारखी होऊ शकते. मी बघते ते एवढंच, की विशेष काही घडत नाही अशा दिवसांना तिच्यात जागा आहे का. मुलांच्या जुन्या कादंबऱ्या त्याच दिवसांवर तर उभ्या असतात. एका प्रकरणात केकमध्ये भलतंच औषध पडतं, दुसऱ्यात केस हिरवे होतात, तिसऱ्यात सहलीला जायला मिळणार की नाही एवढीच धाकधूक. दोन तासांच्या सिनेमात यातलं निम्मं कापावं लागतं. मालिकेत ते सगळं ऐसपैस मावतं. म्हणून या पुस्तकांना टीव्हीच बरा, असं माझं मत आहे. पण मालिकेला प्रेक्षक पुढच्या भागापर्यंत धरूनही ठेवायचा असतो, आणि नुसत्या हिरव्या केसांवर तो थांबेल याची करणाऱ्यांना खात्री वाटत नाही.

पुस्तक १९०८ सालचं. मॅथ्यू आणि मरिला या भावाबहिणीला शेतकामाला मुलगा हवा असतो आणि चुकून अनाथ ॲन येऊन पोचते. पाचव्या प्रकरणात मरिला ॲनला परत पाठवायला घोडागाडीतून निघालेली असते आणि वाटेत तिची हकिगत विचारते. आईवडील तान्हेपणीच गेले, मग या घरात, मग त्या घरात, दुसऱ्यांची पोरं सांभाळत काढलेली वर्षं. त्या बायका तुझ्याशी चांगलं वागायच्या का, असं मरिला विचारते तेव्हा ही अखंड बोलणारी मुलगी पहिल्यांदा अडखळते, लाल होते आणि म्हणते की चांगलं वागायचं त्यांच्या मनात होतं. बस्स. उरलेलं मरिला ओळखते. वाचणारी मुलगीही ओळखते. किंवा तेव्हा ओळखत नाही आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा वाचताना त्या ओळीवर थबकते.

२०१७ ते २०१९ दरम्यान आलेली कॅनडाची 'ॲन विथ ॲन ई' (बहुधा तुमच्या मुलीला हीच हवी असणार, नेटफ्लिक्समुळे ती घराघरात पोचली) नेमकं हे न बोललेलंच उघडं करून दाखवते. मारहाण, छळ, आणि त्या आठवणी उसळून येऊन जागीच गोठून जाणारी ॲन. एमीबेथ मॅकनल्टीने ॲनचं काम सुरेख केलंय, त्याबद्दल वाद नाही. पण पहिल्या सीझनच्या शेवटी मॅथ्यू कर्जापायी जीव द्यायला निघतो. पुस्तकात असलं काही नाही. पुढच्या दोन सीझनमध्ये त्रिनिदादहून आलेला कृष्णवर्णीय सेबॅस्टियन येतो, कुटुंबापासून तोडून निवासी शाळेत टाकलेली मूलनिवासी मुलगी येते. कॅनडाचा तो इतिहास खराच आहे आणि सांगायलाच हवा, मला ते भाग आवडलेही. फक्त ती मोठ्यांची मालिका आहे. गंमत म्हणजे २७ भागांत एवढं दुःख ओतून पुस्तकातलं सगळ्यात मोठं दुःख तेवढं राहून गेलंय: तिसऱ्या सीझननंतर मालिका बंद झाली, तोवर मॅथ्यू जिवंतच!

पुस्तकात बँक बुडाल्याची बातमी असलेला कागद हातात घेऊन मॅथ्यू दारातच कोसळतो. १९८५ मध्ये केव्हिन सुलिव्हनने दोन भागांत केलेल्या रूपांतरात तो शेतात, ॲनजवळ प्राण सोडतो. हा बदल मला पटतो. बँक बुडण्याचा अर्थ लहान मुलाला समजावत बसावं लागत नाही, आणि मॅथ्यू झालेल्या रिचर्ड फार्न्सवर्थचा चेहरा उरलेलं काम करतो. ॲन झालेली मेगन फॉलोज तेव्हा सतराच्या आसपास होती, त्यामुळे सुरुवातीची छोटी ॲन जरा थोराड दिसते. दहा मिनिटांत ते विसरायला होतं.

तरी माझी लाडकी १९७९ ची जपानी ॲनिमे, म्हणजे चित्रमालिका. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. पुस्तकाची प्रकरणं ३८, हिचे भाग ५०! पहिला अख्खा भाग मॅथ्यू स्टेशनवर येतो आणि ॲनला गाडीत घालून घराकडे निघतो यात जातो. ॲन बोलते, मॅथ्यू हुंकार भरतो, रस्त्याकडेची झाडं जातात. कुणाला कंटाळवाणं वाटेल; मला वाटतं पुस्तक असंच वाचलं जातं. शिवाय चित्रातली मुलगी पाहिजे तेव्हा लहान, पाहिजे तेव्हा मोठी करता येते, आणि या मालिकेत ॲन खरोखर डोळ्यांदेखत उंच होत जाते.

ताकाहाताने त्याआधी १९७४ मध्ये 'हायडी' केली होती, ५२ भागांची; डोंगरावर आजोबांकडे राहायला आलेल्या मुलीची गोष्ट. तिच्यात आजोबांकडे एक भलामोठा कुत्रा आहे, जो पुस्तकात नाहीच. मूळ पुस्तकात शेळ्या राखणारा पीटर जळफळून हायडीच्या चालता न येणाऱ्या मैत्रिणीची, क्लाराची, चाकांची खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो, तेही गाळलंय. तरीसुद्धा डोंगरावरचा दिवस कसा लांबच लांब असतो हे तिच्यात जसं कळतं तसं दुसऱ्या कुठल्या 'हायडी'त मला दिसलेलं नाही. एकटी राहणाऱ्या, कुणाचं न ऐकणाऱ्या मुलीची, 'पिपी'ची, १९६९ ची स्वीडिश मालिकाही बघण्यासारखी आहे. पटकथा स्वतः लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेनची, त्यामुळे पिपीला शहाणं करायचा मोह कुणाला झालेला नाही.

'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी'चं जरा वेगळं. लॉरा इंगल्स वाइल्डरने स्वतःच्या बालपणावरून लिहिलेल्या या अमेरिकन पुस्तकांत इंगल्स कुटुंब सतत गाडी जुंपून पुढच्या मुलखात जात असतं. मालिकेला उभारलेला सेट वर्षानुवर्षं वापरायचा, म्हणून ते बहुतेक काळ वॉलनट ग्रोव्ह या एकाच गावात मुक्काम ठोकून बसतं, आणि नऊ सीझन भरायला दत्तक मुलगा, थोरल्या मेरीचं लग्न असलं पुष्कळ काही जोडलं जातं. खरी मेरी अविवाहितच राहिली. ही मालिका पुस्तकाच्या आधी, नंतर, कधीही दाखवा. दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध उरलेला नाही.

ॲनसाठी मी हा क्रम ठेवीन: पुस्तक, मग ताकाहाताची ॲन जमेल तशी एकेक भाग, मग एखाद्या सुट्टीत १९८५ ची. 'ॲन विथ ॲन ई' तेरा-चौदाची होईपर्यंत राहू द्या, आणि लावाल तेव्हा पहिल्या सीझनचा शेवटचा भाग तिच्यासोबत बसून बघा.