कॉलेजात एचआयव्हीवर कार्यक्रम घ्यायचाय, मुलं खरंच ऐकतील असं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे (रासेयो) दर 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, प्रभातफेरी, रांगोळी आणि पोस्टर स्पर्धा होते, मुलं बक्षीस घेतात आणि विषय तिथंच संपतो. मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात बरीच वर्षं आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या मोफत चाचणी केंद्रात, समुपदेशक होते. त्या अनुभवावरून सांगते.

भाषणाच्या दोन दिवस आधी वर्गांतून बिस्किटांचा रिकामा डबा फिरवा. चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, नाव नाही. एका कॉलेजात आम्ही हे केलं. सलूनमधला वस्तरा, टॅटूची सुई, डास चावणं, कंडोम फाटला तर काय, सगळं आलं. (डासानं होत नाही, हे अजून सांगावं लागतं.) पण एक चिठ्ठी मी विसरलेले नाही. दोनदा खोडून लिहिलं होतं, 'चाचणी केली तर घरी फोन जातो का?'

बहुतेक मुलं अडतात ती इथंच. म्हणून भाषणात आधी याचं उत्तर द्या. घरी फोन जात नाही. 18 पूर्ण असतील तर संमती स्वतःचीच, आईवडिलांची सही लागत नाही. अठराच्या आतल्यांच्या चाचणीला पालकांची संमती लागते, तेही स्पष्ट सांगा. 2017चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018पासून लागू आहे, त्यात संमती आणि गुप्तता दोन्ही येतात. रुग्णालयात ती खोली नेमकी कुठे आहे, आत गेल्यावर कोण काय विचारतं, हेही सांगा. पत्ता माहीत नसला की मूल गेटवरूनच परत फिरतं.

दोन आकडे फळ्यावर मोठे लिहा. 72 तास: एचआयव्हीच्या लागणीचा धोका झालाय असं वाटलं तर तेवढ्या वेळात डॉक्टरांकडे पोचायचं. गरज असेल तर 28 दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू होतात, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. दुसरा, 3 महिने: काल संबंध आला आणि आज चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करायची. आणि 1097 ही मोफत हेल्पलाइन.

आता एक विनवणी. कवटी, हाडांचे सापळे, 'एड्स म्हणजे मृत्यू' असली पोस्टरं लावू नका. सरकारी केंद्रांत एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी, औषधं 1 एप्रिल 2004पासून मोफत मिळू लागली. जन्मतः एचआयव्ही असलेली, त्या औषधांवर वाढलेली मुलं आज कॉलेजात शिकतायत. माझ्याकडे येणारी एक मुलगी होस्टेलवर गोळ्यांचा खुळखुळाट होऊ नये म्हणून डबीत कापूस भरून ठेवायची. तिच्या कॉलेजात असंच पोस्टर पहिलं आलं. त्यानंतरच्या महिन्यात ती औषधं न्यायला आलीच नाही. फोनवर पुन्हा पुन्हा बोलून तिला परत आणावं लागलं. गोळ्या रोज घेऊन रक्तातलं विषाणूचं प्रमाण सापडणार नाही इतकं कमी झालं आणि तसंच टिकलं, तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. पोस्टरवर हे वाक्य लिहायला लावा.

तुमच्या रुग्णालयातल्या समुपदेशकांना बोलवा, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांना लगेच चहाला ऑफिसात नेऊ नका. अर्धा तास हॉलमध्येच एका कोपऱ्यात बसू द्या. ज्याला खरंच विचारायचं असतं तो खुर्च्या उचलायला मागे थांबतो.