स्टेरॉइडची कांडी पुढे सरकली तर?

प्रश्न : आईला मधुमेह आहे. पडद्याच्या सुजेसाठी महिन्यापूर्वी तिच्या डोळ्यात ओझुर्डेक्स ही स्टेरॉइडची कांडी टोचली. आता डोळा लाल आहे, नजर धुरकट झाली आहे. कांडी पुढे आली आहे, ती काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणतात. ती आपोआप विरघळते ना? थोडं थांबलं तर? – वाचक, सातारा

उत्तर : थांबू नका. कांडी विरघळते, पण त्याला काही महिने लागतात. तोवर डेक्सामेथासोनची ही सुमारे ६ मिलिमीटर लांब कांडी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात कॉर्नियाच्या (डोळ्यासमोरच्या पारदर्शक काचेच्या) आतल्या थराला घासत राहते. त्या थरातल्या पेशी नव्याने तयार होत नाहीत. त्या फार कमी झाल्या की कॉर्नियात पाणी साचून तो पांढुरका पडतो, आणि मग कॉर्निया बदलण्याची वेळ येते.

आईंचे जुने कागद काढा. मोतीबिंदू काढताना लेन्सची मागची पिशवी फाटली होती का? व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या आतला जेलीसारखा द्रव काढण्याचं ऑपरेशन, झाली होती का? पिशवी फाटलेल्या डोळ्यात ही कांडी घालायचीच नसते. हे इंजेक्शनआधी विचारायला हवं होतं.

कॉर्निया स्वच्छ असेल तर बाहुली मोठी करून, उताणं झोपवून कांडी मागे जाऊ देतात आणि पिलोकार्पिनच्या थेंबांनी बाहुली आवळतात. पण पुढे येण्याची वाट मोकळीच असल्याने ती पुन्हा पुढे येऊ शकते. कॉर्नियाला सूज आली असेल तर काढणंच बरं. आधी बाहुली आवळतात, म्हणजे कांडी मागे निसटत नाही. कडेला छेद घेऊन व्हिस्कोइलास्टिक (जेलीसारखा घट्ट पदार्थ) भरतात, त्याने कॉर्निया वाचतो. कांडी भिजून ठिसूळ झालेली असते. चिमटा घट्ट दाबला की तुकडे होतात, म्हणून अलगद धरून किंवा कॅन्युलाने (बारीक नळीने) ओढून काढतात. शेवटी व्हिस्को पूर्ण धुवावं लागतं; राहिलं तर रात्रीतून डोळ्यातला दाब चढतो. ऑपरेशन होईपर्यंत आईंनी पालथं झोपू नये. पुढे पडद्याच्या सुजेसाठी रॅनिबिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्ट या दुसऱ्या इंजेक्शनांचा पर्याय विचारा.

प्रश्न : अशाच इंजेक्शननंतर माझ्या डोळ्यातला दाब वाढून ३४ झाला आहे. काचबिंदूचं ऑपरेशन करावं लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. ओझुर्डेक्सनंतर दाब साधारण दुसऱ्या महिन्यात सर्वांत वर जातो आणि औषध संपत आलं की उतरतो. तोवर टिमोलॉल, डॉर्झोलामाइडसारखे थेंब बहुतेकांना पुरतात. थेंबांनीही दाब आटोक्यात येत नसेल आणि डोळ्याच्या नसेचं नुकसान होत असेल, तरच ऑपरेशन : मायटोमायसिन (व्रण होऊ न देणारं औषध) लावून ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायला नवी वाट करणं, किंवा त्यासाठी अहमद व्हॉल्व ही नळी बसवणं. दुसऱ्या दिवशी दाब ठीक निघाला म्हणून निर्धास्त राहू नका. सहा ते आठ आठवड्यांनी मोजलेला दाबच कामाचा.