घरच्या हॅम रेडिओ स्टेशनसाठी पहिला खर्च अँटेनावर
हौशी (हॅम) रेडिओच्या परवान्याबरोबर व्हीयू३ कॉलसाइन, म्हणजे हवेतले तुमचे ओळखचिन्ह, मिळताच महागड्या ट्रान्सीव्हरची (सिग्नल पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या रेडिओची) घाई करू नका, कारण स्टेशनची खरी ताकद अँटेनात असते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक बाजूला सुमारे १० मीटर तार घेऊन साधा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन तारांची अँटेना, गच्चीवर जमेल तितका उंच बांधा. तार आधी थोडी लांबच ठेवा आणि अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरवर नजर ठेवून दोन्ही टोकांकडून सारखी, बोटभरच कापत आणा. कोकणातल्या पावसात रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या को-अ‍ॅक्सियल केबलच्या जोडात पाणी शिरले, की आतली तांब्याची जाळी हिरवी पडते आणि सिग्नल तिथेच मरतो, म्हणून जोडांवर रबरी टेप घट्ट गुंडाळा. वळवाच्या विजा सुरू होण्याआधी केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवा. यात हयगय अजिबात नको. मोर्स, म्हणजे टिंब-रेषांची संकेतलिपी, मात्र जरूर शिका, कारण क्षीण सिग्नलवर बोलणे कळेनासे झाले तरी मोर्स वाचता येतो.