मळ्यात उघडत नाही अशी वेबसाइट

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, रावेर तालुक्यात माझी केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची नर्सरी आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी भाच्याच्या मित्राने पुण्यात बसून वेबसाइट करून दिली. रिअ‍ॅक्टमध्ये आहे म्हणे. १४ पानं, रोजचा केळीभाव, बुकिंगचा फॉर्म आणि लागवडीचं अंतर टाकलं की एकरी किती रोपं लागतील ते सांगणारा हिशेब, एवढंच तिच्यावर आहे. ऑफिसात वायफायवर बरी चालते, शेतकरी मळ्यातून उघडतो तर नुसतं पांढरं पान. करून देणारा आता परदेशात, फोन उचलत नाही. एक मुलगा म्हणतो लारावेलमध्ये करू, दुसरा म्हणतो जँगो, तिसरा वर्डप्रेस. यात सोपं कुठलं? आणि गुगलवर आमचं नाव वर येतं, ते जाणार तर नाही? — एक वाचक, ता. रावेर

उत्तर : भाऊ, आधी पांढऱ्या पानाचं बघू. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर साइट उघडा आणि कंट्रोल दाबून यू दाबा. सर्व्हरने जे पाठवलं ते जसंच्या तसं समोर येईल. त्यात ‘ग्रँड नैन’ हे केळीच्या वाणाचं नाव शोधा. सापडणार नाही, याची मला जवळपास खात्री आहे. सर्व्हरकडून येतं ते रिकामं पान आणि सोबत जावास्क्रिप्टची भलीमोठी फाइल. ती पूर्ण उतरायची, फोनने ती चालवायची, मग कुठे अक्षरं उमटायची. विहिरीपाशी नेटवर्कची एकच दांडी आणि हातात चार वर्षांचा स्वस्तातला फोन असेल, तर एवढा दम कोण धरणार? माणूस साइट बंद करतो आणि दुसऱ्या नर्सरीला फोन लावतो.

रिअ‍ॅक्ट वाईट नाही. पडद्यावरची पानं बांधायचं ते जावास्क्रिप्टमधलं साधन, फेसबुकने २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. पडद्यावर सतत काहीतरी हलत-बदलत असतं, तिथे ते शोभतं. तुमची बहुतेक पानं वर्षभर तशीच राहतात. शिवाय त्या काळातलं काम बहुधा ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ या साइटची सुरुवात करून देणाऱ्या साधनावर उभं असणार, आणि नव्या कामाला ते घेऊ नका असं खुद्द रिअ‍ॅक्टवाल्यांनीच फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगून टाकलं. तेव्हा बदला, उशीर करू नका.

आता तीन मुलांची तीन मतं. जँगो आणि लारावेल ही फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचे तयार सांगाडे. जँगोचा जन्म अमेरिकेत, कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीतला. २००५ मध्ये ते खुलं झालं. बातम्या रोज भरायच्या असल्यामुळे माहिती भरायचे फॉर्म त्यात आयते मिळतात. लारावेल २०११ चं, पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेतलं, तेही दमदार. उद्या प्रत्येक शेतकऱ्याचं बुकिंग, उचल, बाकी असं सगळं खातं साइटवर ठेवायचं ठरवलं, तर या दोघांपैकी एक जरूर घ्या. आज १४ पानांसाठी ते म्हणजे पाव किलो वांगी आणायला ट्रक काढणं. वर्डप्रेस चालेल, पण त्याची प्लगिनं, म्हणजे वरून बसवलेल्या जोडण्या, वेळच्या वेळी अपडेट करणारा माणूस हवा. तुमच्याकडे तो नाही, हे पत्रावरूनच दिसतं. अपडेट न करता सोडून दिलेल्या वर्डप्रेसमध्ये जुगाराच्या जाहिराती घुसायला वेळ लागत नाही.

मी ह्यूगो घेईन. मजकूर साध्या फाइलींमध्ये लिहायचा, ह्यूगो त्याची तयार पानं बनवून देतं, तीच सर्व्हरवर चढवायची. पान मागितलं की पान मिळतं, मधे कुठलाही डेटाबेस नाही. एक अडचण मात्र आहे. रोजचा भाव बदलायला रोज ह्यूगो चालवावं लागेल, आणि नर्सरीत बसणारा तुमचा माणूस ते करणार नाही. (का करावं त्याने?) म्हणून भावापुरतं पासवर्ड घातलेलं छोटं पीएचपी पान करून घ्या. तो मोबाइलवरून आकडा टाकेल, साइट तो उचलेल. बुकिंगचा फॉर्मही तसाच. पीएचपी येणारा जळगाव-भुसावळात सहज मिळतो. माझ्या मते हे कुठल्याही फ्रेमवर्कच्या नावापेक्षा मोलाचं.

रोपांच्या हिशेबाला तर फ्रेमवर्क लागतच नाही. एकराचे ४३,५६० चौरस फूट, भागिले दोन अंतरांचा गुणाकार. सहा बाय पाचला १,४५२ रोपं, पाच बाय पाचला १,७४२. दहा-पंधरा ओळींचं काम आहे. कोणी त्याचे वेगळे पैसे मागितले तर हसून सोडून द्या.

फोटोंकडेही बघा. घडांचे फोटो मोबाइलमधून थेट चढवलेले दिसतात, एकेक चार-पाच एमबीचा. ते तसेच ठेवले, तर साइट कशातही करा, मळ्यात रडणारच. रुंदी १,२०० पिक्सेलवर आणून वेबपी प्रकारात साठवले की बहुतेक फोटो दोन-तीनशे केबीत बसतात.

गुगलची भीती रास्त आहे. नाव टिकतं ते पानांच्या पत्त्यावर. पत्ते तेच ठेवता आले तर उत्तम; नाही तर जुना पत्ता आणि त्याच्यासमोर नवा, अशी यादी करून प्रत्येकाला ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून कायमचं नव्यावर पाठवणारी सर्व्हरची सूचना, लावायचा. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर नेऊन सोडू नका, लागवडीचं पान लागवडीच्याच पानावर गेलं पाहिजे. रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गुगलच सांगतं. मी म्हणते काढूच नका. आता तुमच्या पत्रातली खरी ग्यानबाची मेख : तुम्ही सोबत पाठवलेल्या लिंकमध्ये (ती वर छापलेली नाही) मधोमध # आहे. # च्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, त्यामुळे तिथे सर्व्हरवरचा ३०१ उपयोगाचा नाही. नव्या मुखपृष्ठावर चार ओळींची जावास्क्रिप्ट लागेल, जी # पुढचं वाचून योग्य पानावर नेईल. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर तुमच्या ज्या लिंका फिरतायत त्या यानेच टिकतील. तिघा मुलांना हा एकच प्रश्न विचारा. ज्याला उत्तर येईल त्याला काम द्या.

परदेशातल्या मित्राचा कोड मिळाला नाही तरी अडत नाही, पानांवरचा मजकूर कॉपी करून घेता येतो. अडेल ते डोमेनवर, म्हणजे साइटच्या नोंदवलेल्या नावावर. ते त्याच्या ईमेलवर नोंदलेलं असेल तर नव्या साइटचा विचार करण्याआधी भाच्याला त्याच्या मागे लावा आणि खातं स्वतःच्या नावावर करून घ्या. नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाऊन पडली आणि मुदत उलटली, तर नाव दुसरा कोणी उचलू शकतो.

मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीच्या, बुकिंगचा जोर असताना यातलं काही करू नका. त्यानंतरच्या कांदेबागेच्या लागवडीचीही गर्दी सरू द्या. साइट हलवताना नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनच्या नोंदी जिथे असतात ते) बदलणार असतील, तर ईमेलच्या एमएक्स नोंदी, म्हणजे मेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या नोंदी, आधी उतरवून घ्यायला सांगा. त्या राहिल्या की साइट झकास चालते आणि बँकेचे, खतवाल्यांचे मेल मात्र येईनासे होतात. जुनं होस्टिंग महिनाभर चालू ठेवा. आणि कोडची प्रत, सगळे पासवर्ड व ती पत्त्यांची यादी तुमच्या कॉम्प्युटरवर आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.